लखनौची मटर आणि अर्धकोरडी वाइन

डिसेंबरात लखनौला जाणार म्हटल्यावर मिरजेतल्या आमच्या गल्लीत ज्याने त्याने माझ्या हातात काही ना काही मागणी ठेवली. कुणाला चिकनच्या भरतकामाचा कुर्ता हवा होता, कुणाला इमामबाड्याचे फोटो. कुर्ते मी आणले. इमामबाडा मात्र मी ई-रिक्षातून जाता जाता पाहिला, आणि फोटोत माझ्या अंगठ्याशिवाय फारसं काही आलेलं नाही. दहा दिवसांच्या मुक्कामातले चांगले चार-पाच दिवस मी एका जर्मन वाइनच्या पायी घालवले. मी बासष्ट वर्षांची, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई. तोवर वाइनच्या बाटलीला कधी हात लावलेला नव्हता. तेव्हा हे कसं घडलं ते सांगणं भाग आहे.

जानकीपुरम

माझा थोरला भाऊ रसायनशास्त्रज्ञ. औषधसंशोधनाच्या सरकारी संस्थेत त्याची उभी नोकरी लखनौत झाली, आणि निवृत्तीनंतरही तो आणि वहिनी तिथेच, जानकीपुरममध्ये घर बांधून राहिले. त्यांची मुलगी मुक्ता गोमती नगरातल्या एका कंपनीत काम करते. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं.

दोन वर्षांपूर्वी दादाला ताप आला. ताप चार दिवसांत उतरला, पण जाताना दादाच्या नाकातला वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, परत येईल, कदाचित नाहीही येणार. आला नाही. फोनवर दादा नेहमी मजेत बोलायचा, त्यामुळे हे प्रकरण किती लांबलंय हे मला तिथे जाऊन त्याच्या समोर जेवायला बसेपर्यंत कळलं नव्हतं.

पहिल्या दिवशी वहिनींनी भरली वांगी केली होती. वहिनी मूळच्या साताऱ्याच्या; त्यांच्या वांग्यांसाठी दादा पूर्वी संस्थेतून डबा परत पाठवून घरी जेवायला यायचा. आता तो एखादा फॉर्म भरावा तसा जेवला. सगळ्या रकान्यांत काहीतरी लिहिलं, सही केली, उठला. अंगावरचा स्वेटर त्याला मोठा व्हायला लागला होता. वहिनींनी त्याच्या ताटाकडे पाहिलंसुद्धा नाही. मला ते न पाहणंच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं गच्चीवर उन्हात बसलो होतो. थंडीतलं लखनौ हे गच्चीवर राहणारं शहर आहे. सकाळी धुकं, त्यामुळे अकरापर्यंत सगळे रजईत, आणि ऊन पडलं की घरंच्या घरं वर येतात. पेपर, मटार सोलणं, केस वाळवणं, झोप, सगळं गच्चीवर. आमच्याकडे मिरजेत थंडी म्हणजे सकाळी अंघोळीला थोडं जास्त कढत पाणी, बस. इथे मी दोन स्वेटर घालून पेरूच्या फोडी खात बसले होते. दादाने एक फोड उचलली, तिला मीठ-तिखट लावलं, वर लिंबू पिळलं, आणि मग दुसरी उचलली, तिसरी उचलली. मी विचारलं, हे कसं लागतं रे तुला?

तो म्हणाला की जिभेला आंबट, गोड, खारट, कडू एवढं कळतं. त्यात आणखी एक मांसल, मुरलेली चव असते, तीही कळते. तिखट तर चव नव्हेच, भाजल्याचा निरोप आहे, त्याला नाक लागत नाही. बाकी आपण ज्याला चव म्हणतो ती सगळी वासाची. "वांगं मला कापसासारखं लागतं," तो म्हणाला. "तिला सांगू नकोस."

वहिनी दोन हातांवर मटार सोलत होत्या. त्यांना अर्थातच ऐकू गेलं.

मग, बहुधा विषय बदलायचा म्हणून, त्याने जर्मनीतली गोष्ट काढली. तरुणपणी तो दोन वर्षं तिकडे संशोधनाला होता, मोझेल नदीच्या काठी एका म्हातारीच्या घरी भाड्याने राहायचा. उतारावर तिचे द्राक्षमळे होते. ती घरची पांढरी वाइन द्यायची, रीसलिंग नावाच्या द्राक्षांची. धड गोड नाही, धड कोरडी नाही. सोबत परतलेला कांदा आणि मलई घालून भाजलेली जाडसर पोळी. तो म्हणाला, त्या वाइनची गंमत अशी की घोट तोंडात गेल्याबरोबर आधी जीभच दचकते. एकाच वेळी गोड आणि आंबट. वास नंतर येतो.

मी म्हटलं, "मग ती तुला आजही कळेल."

दादा हसला. वास नसलेल्या माणसाने वाइन प्यायची म्हणजे टीव्हीचा आवाज बंद करून गाणं ऐकायचं, असं म्हणाला आणि पेपर उघडला. पण पेरूच्या फोडींची बशी त्याने एकट्याने संपवली होती, आणि मी गणिताची बाई आहे. बशीत काय होतं, काय उरलं, एवढं मला कळतं.

गोमती नगर

खाली स्वयंपाकघरात मी वहिनींना विचारलं, घरात बाटली आणली तर चालेल का? त्या माळकरी नाहीत, पण घरात कधी बाटली आलेली नाही, आणि त्या स्वतः शाकाहारी. त्या म्हणाल्या, "वन्सं, विहिरीतलं पाणी आणा नाहीतर वाइन आणा. चार घास जास्त जाऊ देत."

संध्याकाळी मुक्ता ऑफिसातून सुटल्यावर मी तिला गोमती नगरात गाठलं. सगळा प्रकार ऐकून ती म्हणाली, "आत्या, आप टेंशन मत लो, मैं ले चलती हूँ." तिने मला एका मॉलमधल्या चकचकीत दारूच्या दुकानात नेलं. माझ्या पायांत कोल्हापुरी चप्पल आणि मोजे, डोक्याला मफलर. मला वाटलं सगळे वळून बघतील. कुणी बघितलं नाही. फक्त दुकानातला माणूस फार अदबीने पुढे आला आणि काय सेवा करू, असं विचारता झाला. मी हिंदीत सांगितलं की पांढरी, जर्मन, आंबट-गोड. तो म्हणाला, "मीठी चाहिए तो पोर्ट ले जाइए, मैडम." पोर्ट लाल होती. आम्ही मान हलवली. शेवटी त्याने उंच, सडसडीत, हिरव्या काचेची एक बाटली काढली. त्यावर जर्मन अक्षरं होती आणि द्राक्षमळ्याचं चित्र होतं. मुक्ता आणि मी दोघींनी चित्राकडे पाहून ती घेतली.

जेवायच्या वेळी दादाने चष्मा लावून लेबल वाचलं आणि त्याचा चेहरा मला आवडला नाही. "ट्रोकन," तो म्हणाला. "म्हणजे कोरडी. हिच्यात साखर ठेवलेलीच नाही." पण आणलीच आहे तर म्हणून आम्ही ती उघडली. बुचाऐवजी फिरकीचं झाकण होतं, त्यामुळे निदान ती फजिती टळली. दादाने एक घोट घेतला आणि नुसत्या लिंबाचं पाणी प्यायल्यासारखे डोळे मिटले. मी घाईघाईने त्याच्या पानात आमटी वाढली, म्हटलं तिखटाबरोबर घेऊन बघ, भाजीबरोबर घेऊन बघ. माझी चूक झाली. माणसाला एवढं ढकलू नये.

त्याने पेला खाली ठेवला. "शालू, मी परीक्षानळीतला नमुना नाही. पुरे आता." आणि पान अर्धवट सोडून वरच्या खोलीत निघून गेला.

मुक्ता त्याच्या मागून वर गेली. मी भांडी आवरायला म्हणून वहिनींजवळ जाऊन उभी राहिले आणि माफी मागितली. त्या बराच वेळ ओटा पुसत राहिल्या. मग त्यांनी मला जे सांगितलं ते मुक्तालाही ठाऊक नव्हतं.

वास गेल्यानंतर दोनेक महिन्यांनी त्या समोरच्या घरी हळदीकुंकवाला गेल्या होत्या. जाताना दूध गॅसवर ठेवून दादाला बघायला सांगितलं होतं. दादा तिथेच, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वाचत बसला. दूध उतू जाऊन शेगडी विझली, गॅस तसाच सुटत राहिला. त्या परत आल्या तेव्हा दारातच त्यांना वासाचा भपकारा आला, आणि आत हा शांतपणे पान उलटत होता. खिडक्या उघडल्या, निभावलं. पण त्या दिवसापासून वहिनी त्याला एकट्याला घरात ठेवून कुठे गेल्या नव्हत्या. भाजीसुद्धा दारावरून. महाराष्ट्र मंडळाचं जाणं बंद, चौक नावाच्या जुन्या बाजारातली खरेदी बंद. मुक्ताने गॅस गळला की शिट्टी देणारं यंत्र लावू या म्हटलं होतं, तर दादाने ते उडवून लावलं. मी काय इतका म्हातारा झालोय, म्हणाला.

"मी रागावले नाही हो त्यांच्यावर," वहिनी म्हणाल्या. "पण रांधायचं कुणासाठी, हे मला कळेनासं झालंय. मीसुद्धा चव बघायची सोडून दिली."

पुन्हा गोमती नगर, आता शास्त्रज्ञासह

सकाळी चहाच्या वेळी दादा स्वतःहून म्हणाला की चूक वाइनची नव्हती, लेबल न वाचण्याची होती. आमच्या घरात माफी अशीच मागतात. मी संधी साधली. म्हटलं, मला ते वाचता येत नाही आणि मुक्ताला चित्रं आवडतात, तर तूच चल. तो नाही म्हणाला. तेवढ्यात शेजारचे श्रीवास्तवजी आले. सिंचन खात्यातून निवृत्त झालेले, खाण्यापिण्याचे दर्दी गृहस्थ. रोज सकाळी पेपरची अदलाबदल करायला येतात. त्यांनी सगळी हकिगत ऐकली. ते स्वतः व्हिस्कीचे. "डॉक्टर साहब, वाइन तो दवा है," ते म्हणाले. "लेकिन दवा भी ठीक से पढ़कर लेनी चाहिए." आणि गाडी काढायला गेले. श्रीवास्तवजींना नाही म्हणणं लखनौत कुणाला जमत नसावं. दादालाही जमलं नाही.

दुकानातला तोच माणूस मला ओळखून हसला. पुढचा अर्धा तास मला जन्मभर लक्षात राहील. दादा आधी नुसता उभा होता. मग त्याने एक बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाचली, मग दुसरी, आणि मग त्याच्यातला मास्तर जागा झाला. तो त्या दुकानदाराला समजावून सांगायला लागला की द्राक्षातल्या साखरेचंच अल्कोहोल होतं, म्हणून सारख्याच द्राक्षाच्या दोन बाटल्या असतील तर जिच्यात अल्कोहोल कमी, तिच्यात बहुधा साखर उरलेली. कालच्या बाटलीवर साडेबारा टक्के होते. दुकानदार भक्तिभावाने एकेक बाटली काढून आकडे वाचून दाखवत होता. श्रीवास्तवजी मधेच व्हिस्कीच्या फळीकडे जाऊन येत होते. अखेर खालच्या फळीवर, थोडी धूळ बसलेली एक बाटली निघाली. साडेदहा टक्के. त्यावर लिहिलं होतं हाल्बट्रोकन. "अर्धकोरडी," दादा म्हणाला. दुकानदाराने तो शब्द तीनदा घोकला. पुढच्या गिऱ्हाइकाला सांगता येईल, म्हणाला.

गाडीत दादाने बाटली मांडीवर धरली होती. आता ती कशाबरोबर प्यायची, यावर श्रीवास्तवजींचं आणि त्याचं इतकं जुंपलं की आम्ही जानकीपुरमचं वळण चुकून पुढे गेलो.

गच्चीवर

बाटली आम्ही रविवारपर्यंत राखून ठेवली. त्या दिवशी बारा वाजता ऊन पडलं आणि सगळे वर आले. श्रीवास्तवजींनी स्वतःच्या हाताने खिम्याचे शामी कबाब करून आणले होते. मुक्ता सकाळीच चौकात जाऊन मख्खन मलाई घेऊन आली होती. ही फक्त थंडीत मिळते. दुधाचा फेस रात्रभर दवात ठेवून पहाटे घुसळतात, वर केशर. मातीच्या कुल्हडात मिळते, आणि तोंडात घातल्यावर आपण काही खाल्लं की नुसतं वाटलं, असा प्रश्न पडतो. येताना तिने एका गाडीवरून मटरही आणली होती. मटर म्हणजे आपला रगडाच, पण कोरडा. वाळवलेले पांढरे वाटाणे उकडून मोठ्या तव्यावर डोंगर करून ठेवतात, आणि त्यावर आल्याचे तुकडे, हिरवी मिरची, लिंबू, चिंचेचं पाणी. आपल्यासारखी शेव-फरसाणाची भानगड नाही. वहिनींनी खिचडी केली होती. खाली लवकर जायचंय अशा बेताने त्या कडेला बसल्या.

बाटली थंड पाण्याच्या बादलीत ठेवली होती. फार गार केली तर गोडी लपते म्हणून दादाने मधेच ती बाहेर काढली. पेले पाण्याचेच. त्याने पहिला घोट घेतला, तोंडात फिरवला. मी या वेळी काही विचारलं नाही. शहाणी झाले होते.

"आहे," थोड्या वेळाने तो म्हणाला. "जीभ दचकते."

मग कबाब. श्रीवास्तवजी त्याच्या तोंडाकडे टक लावून बसले. दादा खोटं बोलत नाही, हा त्याचा जुना दोष. मऊ आहे, म्हणाला, आणि बाकी काही नाही. श्रीवास्तवजींचा चेहरा पडला. पण तेही हार मानणारे नव्हेत. त्यांनी दुसऱ्या कबाबावर भरपूर लिंबू पिळलं, कच्चा कांदा आणि मिरची घातली. त्यावर वाइनचा घोट. आता बरा, दादा म्हणाला. दहापैकी सहा. मख्खन मलाईने घोटाळा केला. तिच्या गोडीपुढे वाइनमधली गोडी पार नाहीशी झाली आणि नुसता आंबटपणा उरला. मी स्वतः चमचाभर घेऊन पाहिलं, खरंच तसं झालं. वाइनपेक्षा गोड काही सोबत घ्यायचं नाही, एवढा धडा आम्ही सगळ्यांनी मिळून शिकलो.

आणि मग मटर. पहिल्या चमच्याला दादाच्या डोळ्यांतून पाणी आलं, कारण मुक्ताने मिरची जास्त घालून घेतली होती. आलं झोंबत होतं, लिंबू होतं, मीठ होतं. त्यावर त्याने घोट घेतला आणि मान मागे टाकून हसला. तिखटाची आग त्या थोड्याशा गोडीने विझते आणि आंबटपणा पुन्हा भूक पेटवतो, असं तो आम्हाला सांगत होता, पण आम्ही ऐकत नव्हतो. आम्ही त्याचा चमचा पाहत होतो. पान संपलं. त्याने मुक्ताचं ओढून घेतलं.

वहिनी उठून खाली गेल्या. मला वाटलं त्यांना रडू आलं असेल, म्हणून मी मागोमाग गेले. तर त्या मिरच्या तव्यावर परतत होत्या. लसूण, शेंगदाणे, खडे मीठ. "मटर काय कुणीही करेल," म्हणाल्या. मी मिरजेहून ज्वारीचं पीठ नेलं होतं, ते परातीत घेऊन त्या भाकऱ्या थापायला बसल्या. ठेचा वाटताना त्यांनी बोटावर घेऊन चाटून पाहिला, वर आणखी लिंबू पिळलं, पुन्हा चाटला.

गच्चीवर भाकरी, लोणी, ठेचा पोहोचला. दादा दीड भाकरी जेवला. श्रीवास्तवजींना ठेच्याने घाम फुटला आणि त्यांनी कबूल केलं की या दवेचा थोडा उपयोग दिसतो. सगळे हसत होते, तेव्हा वहिनी म्हणाल्या की एवढं आहे तरी काय त्या बाटलीत, बघू. दादाने चहाच्या चमच्यात ओतून दिली. त्यांनी आधी, आपण ताक बिघडलंय का पाहतो तसा, चमचा नाकाशी नेला.

"पेरूच्या सालीसारखा वास येतो," त्या म्हणाल्या. "आणि हिरव्या सफरचंदाचा."

दादा खाताखाता थांबला. "आणखी?"

"आणखी काय?"

"आणखी कसला येतो? सांग ना."

वहिनींनी पुन्हा वास घेतला. या वेळी डोळे मिटून. "ओल्या दगडाचा. विहिरीच्या काठाला बसलं की येतो तसा."

दादाने चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसला, बराच वेळ पुसला. "हो," तो म्हणाला. "तसाच होता तो. पाटीच्या दगडाची जमीन होती त्या म्हातारीच्या मळ्याची."

वहिनींनी चमचाभर प्यायली, तोंड वाकडं केलं, आणि उरलेली त्याच्या पेल्यात ओतली.

चौक

पुढच्या तीन-चार दिवसांत जानकीपुरमच्या त्या स्वयंपाकघरात मोठीच धांदल उडाली. दादाने फ्रीजवर एक तक्ता लावला. आंबट, गोड, खारट, कडू, तिखट, कुरकुरीत, मऊ, गरम-गार. प्रत्येक पदार्थाला प्रत्येक रकान्यात गुण. वहिनींनी भरल्या वांग्यांत चिंच आणि मिरची वाढवली, वर कच्चे शेंगदाणे जाडसर कुटून घातले, आणि वांगी नापासातून पासात आली. ताट पुढे आलं की तो विचारायचा, आज वास कसा आहे. वहिनी सांगायच्या. कधी एका शब्दात, कधी पाच मिनिटं. एकदा नुसत्या तुपाच्या फोडणीवर दोघं इतका वेळ बोलले की भात निवला. वास काही परतला नाही. तो परतेल असं मला वाटतही नाही.

शिट्टी देणारं ते यंत्र मुक्ताने मागवलं. ते आलं, तर दादाने तिला भिंतीत वर बसवू दिलं नाही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो, असं सांगत त्याने जमिनीपासून वीतभर उंचीवर ते स्वतः बसवलं, आणि लायटरचा गॅस सोडून वाजतं का ते तीनदा पाहिलं.

माझ्या निघण्याच्या आदल्या दिवशी सकाळी वहिनी इस्त्रीची साडी नेसून बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, चला. दादा आणि श्रीवास्तवजी मिळून घरी तहरी करणार होते. ती इकडची मसाल्याची भाजी घातलेली भाताची खिचडी. दारातून बाहेर पडताना वहिनी दोनदा मागे वळल्या. ई-रिक्षात माझा हात धरून बसल्या. पण चौकात उतरलो, गल्ल्या अरुंद झाल्या, दोन्ही बाजूंना चिकनचे पांढरे, फिकट पिस्त्याच्या रंगाचे कुर्ते टांगलेले दिसायला लागले, तशी त्यांची चाल बदलली. मला कुठला टाका खरा आणि कुठला मशीनचा ते त्यांनी उलट्या बाजूने दाखवून शिकवलं. दुकानदाराशी फार गोड हिंदीत आणि फार कडकपणे बोलल्या. दुसऱ्या दुकानात गादीवर बसून आम्ही ढिगारा उपसत होतो, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. घरचा नंबर. हातातला कुर्ता ढिगाऱ्यावर टाकून त्यांनी घाईने फोन उचलला.

पलीकडून दादाचा आवाज मलाही ऐकू येत होता. कांदा परतायला टाकलाय, श्रीवास्तवजी म्हणतात वासावरून झालाय, मला रंगावरून वाटतं अजून दोन मिनिटं हवीत, कुणाचं खरं?

वहिनींनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुमचं," त्या म्हणाल्या. "रंगावर जा."

मग त्यांनी फोन पर्समध्ये टाकला, चेन लावली, मांडी नीट घालून घेतली, आणि दुकानदाराला म्हणाल्या, "भैया, वो ऊपरवाला भी दिखाइए."